राखणदाराचा वाटा

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला मार्च महिना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फेब्रुवारी संपत आला की वरून पत्रं येऊ लागतात. अमुक शीर्षाखाली किती खर्च झाला, किती शिल्लक आहे, शिल्लक का आहे? ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी त्या शीर्षाला कात्री लागते, ही भीती आमच्यात इतकी मुरलेली आहे की 'शिल्लक' हा शब्दच कचेरीत अपराधी होऊन बसला आहे. ज्याच्याकडे काही उरलं, त्याला नियोजन जमलं नाही, असा सरळ हिशेब.

हाच हिशेब आपण संगणकाच्या डिस्कलाही लावतो आणि तिथे तो फार महागात पडतो. आज त्याविषयी लिहायचं आहे. नाटक, जत्रा आणि पुस्तकं सोडून हा मध्येच कुठे भरकटला असं नेहमीच्या वाचकांना वाटेल. पण मी कलाशाखेचा पदवीधर, कचेरीत मराठी टंकलेखन येणारा म्हणून संगणकाजवळ बसवला गेलेला कारकून. लिनक्स माझ्या आयुष्यात अशी मागच्या दाराने आली आणि मग राहिलीच. गेली काही वर्षं तिच्याबरोबर काढल्यावर माझं एक मत झालं आहे, ते मांडतो. लिनक्सच्या डिस्कवर जी पाच टक्के जागा राखून ठेवलेली असते, ती पहिल्याच अडचणीत शून्यावर आणून 'जागा वाढवली' म्हणून मोकळं होणं ही कार्यक्षमता नव्हे. ती राखणदाराचा वाटा खाऊन टाकण्याची गोष्ट आहे.

आधी ही राखीव जागा दिसते कशी ते पाहू. लिनक्समध्ये 'डीएफ' नावाची एक छोटी आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक विभागावर एकूण जागा किती, वापरलेली किती आणि उपलब्ध किती, असा तक्ता समोर येतो. समजा, एकूण १०० जीबीचा विभाग आहे आणि वापरलेली जागा ६० जीबी आहे. मग उपलब्ध किती असायला हवी? शाळेतला मुलगाही ४० सांगेल. तक्ता सांगतो ३५. पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येक जण चक्रावतो. कोणी म्हणतं डिस्क खराब आहे, कोणी म्हणतं दुकानदाराने फसवलं. यापैकी काहीच झालेलं नसतं. गायब झालेले ते ५ जीबी जागेवरच आहेत, फक्त ते तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. ते 'रूट'साठी, म्हणजे त्या यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेले आहेत. त्याच तक्त्यातली टक्केवारीही हे पाच वगळूनच काढलेली असते. ६० भागिले १०० असं नाही, तर ६० भागिले ९५. म्हणून तिथे ६० टक्क्यांऐवजी ६४ टक्के दिसतात. वापर ९५ जीबीवर पोचला की सामान्य वापरकर्त्यासाठी डिस्क भरली. उपलब्ध शून्य, टक्केवारी १००, आणि कुठलीही फाइल साठवायला गेलात की उत्तर एकच : उपकरणावर जागा शिल्लक नाही.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो रोज कोणाला दिसत नाही, रोज त्याचं काम पडत नाही. पण त्याचा मान ठेवलेला असतो आणि तो कोणी आपल्या घरात नेऊन खात नाही. डिस्कवरचा हा पाच टक्क्यांचा भाग मला नेहमी तसा वाटत आला आहे.

ही प्रथा आली कुठून? युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. तिची सुरुवातीची फाइल सिस्टिम साधी होती आणि संथही होती. फाइल सिस्टिम म्हणजे कुठली फाइल डिस्कच्या कुठल्या तुकड्यांत आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था, आमच्या भाषेत रेकॉर्ड रूमची मांडणी. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात मार्शल मॅककुसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री या चौघांनी नवी, वेगवान फाइल सिस्टिम तयार केली आणि १९८४ साली तिच्यावर एक निबंध लिहिला. त्या व्यवस्थेचा वेग एका गोष्टीवर अवलंबून होता : एका फाइलचे तुकडे शक्य तितके जवळजवळ ठेवायचे. पण जवळ ठेवायचे तर जवळपास मोकळी जागा हवी. मोकळे तुकडे संपत आले की फाइल मिळेल तिथे विखुरली जाते आणि डिस्कच्या वाचणाऱ्या सुईला इकडून तिकडे धावावं लागतं. मोकळी जागा शून्याकडे गेली की वेग जवळपास निम्म्यावर येतो, असं त्यांनी त्या निबंधात नोंदवलं. म्हणून काही टक्के जागा कायम मोकळी राखायची आणि तिला हात लावायची मुभा फक्त प्रशासकाला द्यायची, असा नियम त्यांनी केला. त्यांचं उदाहरण दहा टक्क्यांचं होतं.

लिनक्ससाठी १९९३ साली रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम आणली, तेव्हा हाच विचार पाच टक्क्यांच्या रूपात तिच्यात आला. २००८ च्या डिसेंबरात ईएक्सटी४ लिनक्सच्या गाभ्यात स्थिरावली, तिनेही तो पुढे चालवला. डिस्क तयार करण्याच्या आज्ञेसोबत जे माहितीपत्रक येतं, त्यात या पाच टक्क्यांची दोन कारणं दिलेली आहेत. एक, फायली विखुरल्या जाऊ नयेत. दोन, सामान्य कार्यक्रमांना लिहिणं बंद झाल्यावरही रूटच्या नावाने चालणारे, यंत्राच्या नोंदी लिहिणारे कार्यक्रम चालू राहावेत. मला हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्याचं महत्त्व डिस्क भरल्यावर काय काय होतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डिस्क भरणं म्हणजे फक्त नवीन फाइल न मावणं, असं बाहेरून वाटतं. आतून तो प्रकार विचित्र असतो. वापरकर्ता बरोबर परवलीचा शब्द घालतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच प्रवेशाचा पडदा समोर येतो. आत जाताना एक छोटीशी फाइल लिहावी लागते, ती लिहिता येत नाही, म्हणून यंत्र त्याला बाहेर ढकलतं. तो बिचारा परवलीचा शब्दच चुकला समजून पुनःपुन्हा टंकत राहतो. मजकूर दुरुस्त करून साठवायला जावं तर कधी कधी जुना मजकूरही जातो आणि हातात शून्य आकाराची फाइल येते. नाव आहे, तारीख आहे, आत काहीच नाही! डेटाबेसला लिहायला जागा मिळाली नाही की तो काम थांबवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काय बिघडलं याची नोंद ज्या फायलीत व्हायची, ती फाइलही त्याच डिस्कवर असते. म्हणजे चोरी झाली आणि त्याच वेळी पोलीस ठाण्याच्या डायरीची पानंही संपली.

अशा वेळी राखीव जागा शाबूत असेल तर रूट आत येतो, नोंदी लिहिल्या जात असतात, कारण शोधता येतं, तात्पुरती फाइल करता येते, पसारा हलवता येतो. ती नसेल तर घराची किल्ली घरातच राहून दार ओढून घेतल्यासारखी गत होते.

एका कचेरीतली गोष्ट सांगतो. नाव सांगायचं कारण नाही, कारण अशा कचेऱ्या सगळीकडे आहेत. जुनी रजिस्टरं स्कॅन करायचं काम चालू होतं. सर्व्हरची डिस्क ५०० जीबीची, सगळं एकाच विभागावर : प्रणाली, डेटाबेस, नोंदी आणि स्कॅन केलेली पानंसुद्धा. एक दिवस 'जागा नाही' असं आलं. बाहेरून तंत्रज्ञ बोलावला. त्याने पाच मिनिटांत एक आज्ञा दिली, राखीव जागा पाचावरून शून्यावर आणली आणि २५ जीबी मोकळे झाले. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. "सर, हे असंच पडून होतं, वाया जात होतं," असं तो मला म्हणाला. चहा पिऊन तो गेला. फायलीवर 'समस्येचे निराकरण झाले' असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली.

आता हिशेब करा. स्कॅन केलेलं एक पान साधारण एक एमबीचं. दिवसाला चारशे पानं. म्हणजे २५ जीबी साधारण साठ-बासष्ट कामाच्या दिवसांत संपणार. तसंच झालं. तीन महिने पुरे व्हायच्या सुमारास एका सोमवारी सकाळी काहीच चालेना. डेटाबेस उठेना. रात्री दोनच्या पुढे एकही नोंद नव्हती, त्यामुळे काय घडलं ते सांगायला काही शिल्लक नव्हतं. जुन्या फायली काढून टाकाव्यात तर त्या सरकारी दप्तराच्या. त्या काढायचा अधिकार कोणाला हेच ठरलेलं नव्हतं. तंत्रज्ञ दुपारी आला. तोवर खिडकीसमोर रांग. सत्तरीतून पहाटेची बस पकडून आलेली एक म्हातारी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली होती. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "बाबा, आयज तरी मेळटलें?" तिला डिस्क, रूट, पाच टक्के हे काय सांगायचं? तिच्या दृष्टीने सरकार बंद होतं आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पण त्या शेवटच्या दिवसाच्या स्कॅनमध्ये कितीतरी फायली शून्य आकाराच्या निघाल्या. रजिस्टरं बांधून परत कोठारात गेली होती. ती पुन्हा काढावी लागली, पुन्हा पानं मोजावी लागली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राखीव पाच टक्के ठेवले असते तर डिस्क भरली नसती असं नाही. ती तशीही भरणार होती. स्कॅनिंगचा कार्यक्रम रूटच्या नावाने चालत नव्हता, त्यामुळे त्याला राखीव जागा मिळणारच नव्हती. मग फरक काय? फरक असा की राखीव जागा ही आपत्काळात सोडता येते, आणि तेही यंत्र चालू असताना, क्षणात. 'ट्यून-टू-एफएस' या आज्ञेने पाचाचे चार टक्के केले की ५०० जीबीच्या डिस्कवर ५ जीबी लगेच मोकळे होतात. तेवढ्यावर त्या सोमवारी सकाळी साडेनऊला खिडकी उघडता आली असती, बारा-तेरा दिवस काम चाललं असतं आणि तेवढ्या दिवसांत नवी डिस्क मागवून पसारा हलवता आला असता. पण तो उपाय तीन महिन्यांपूर्वीच, काहीही संकट नसताना, पूर्ण खर्च झाला होता. पहिल्या वेळी डिस्क भरली तो इशारा होता. कचेरीने तो समस्येचं निराकरण म्हणून नोंदवला.

माझ्या मताला विरोध करणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. पाच टक्के हा आकडा ज्या काळात ठरला तेव्हा डिस्क मेगाबाइटांत मोजत. १०० मेगाबाइटांतले पाच कोणाला खुपत नसत. आज ४ टीबीची डिस्क घेतली तर पाच टक्के म्हणजे २०० जीबी! ज्या डिस्कवर फक्त नाटकांची ध्वनिमुद्रणं, छायाचित्रं किंवा चित्रफिती ठेवायच्या आहेत, जिथून यंत्र सुरू होत नाही, जिथे नोंदी लिहिल्या जात नाहीत, तिथे २०० जीबी अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे एक टक्का ठेवा, हवं तर शून्य करा, माझी हरकत नाही. ज्यांच्याकडे वेगळी डेटाबेसची डिस्क आहे त्यांनीही विचार करून आकडा ठरवावा. राखीव जागा रूटऐवजी दुसऱ्या एखाद्या वापरकर्त्याच्या किंवा गटाच्या नावावर करण्याचीही सोय त्याच आज्ञेत आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या विभागावरून यंत्र सुरू होतं आणि ज्यावर त्याच्या नोंदी राहतात, त्या विभागाचा वाटा काढू नये. आणि कुठेही काढायचाच झाला, तर तो आधी ठरवून काढावा. अडचण आली म्हणून घाईघाईत काढला की त्याचा 'उपाय' होतो आणि खरा उपाय राहून जातो.

राखणदारालाही मर्यादा असतात, त्याही माहीत हव्यात. पहिली मर्यादा अशी की डिस्क भरणारा कार्यक्रम जर स्वतःच रूटच्या नावाने चालत असेल, तर राखीव जागाही तो गिळून टाकतो. त्याला अडवणारं कोणी नाही. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे रात्रीचा बॅकअप. तो बहुधा रूटच्या नावानेच चालतो आणि बाहेरून जोडलेल्या डिस्कवर प्रत ठेवतो. एखाद्या दिवशी सफाई करताना कोणाच्या पायात येऊन ती डिस्क सुटते. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क म्हणजे एका फोल्डरच्या जागी जोडलेला विभाग. डिस्क सुटली तरी तो रिकामा फोल्डर मूळ डिस्कवर असतोच. बॅकअप बिनबोभाट त्या फोल्डरमध्ये उतरू लागतो आणि मूळ डिस्क पहाटेपर्यंत काठोकाठ भरते. सकाळी कोणीतरी डिस्क पुन्हा जोडतो, आणि मग तर आणखी गंमत. जोडलेल्या डिस्कखाली ती चुकून लिहिलेली प्रत झाकली जाते. शोधून सापडत नाही, पण जागा मात्र अडवून बसते. म्हणून बॅकअप सुरू करण्याआधी डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे त्या आज्ञावलीनेच तपासलं पाहिजे. ती दोन ओळींची तपासणी असते.

दुसरी मर्यादा आयनोडची. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे नोंदवहीतली एक ओळ लागते, आणि अशा ओळी किती असतील हे डिस्क तयार करतानाच ठरतं. नेहमीच्या प्रमाणात दर १६ केबीमागे एक. १०० जीबीच्या विभागाला साधारण ६५ लाख ओळी मिळतात. एखादा कार्यक्रम बारीकसारीक फायलींचा पाऊस पाडू लागला की जागा निम्मी मोकळी असताना ओळी संपतात आणि यंत्र तेच उत्तर देतं, जागा शिल्लक नाही. तक्ता पाहणारा म्हणतो, जागा तर आहे! डीएफला 'आय' हा पर्याय देऊन ओळींचा तक्ता पाहिला की उलगडा होतो. इथे राखीव टक्के कमी करून काहीही साधत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या कारकुनांना चटकन समजेल अशी आहे. एखादी मोठी नोंदींची फाइल काढून टाकली तरी जागा मोकळी होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. युनिक्सचा नियम असा की फाइल काढणं म्हणजे यादीतून तिचं नाव खोडणं. पण कुठलाही चालू कार्यक्रम ती उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत तिची जागा परत मिळत नाही. नोंदवहीत 'निकाली' असं लिहिलं, पण फाइल अजून साहेबांच्या टेबलावरच आहे, तर कपाटात जागा कशी होणार? 'एलएसओएफ' ही आज्ञा अशा खोडलेल्या पण न सोडलेल्या फायली दाखवते. तो कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा परत येते. चालू कार्यक्रमाची नोंदींची फाइल काढून टाकण्यापेक्षा तिच्यातला मजकूर रिकामा करणं जास्त बरं, ते याचसाठी.

आणि एक मुद्दा, जो मला सगळ्यात बोलका वाटतो. साफ करायलाही जागा लागते. माळा आवरायचा म्हटलं की आधी खालची खोली मोकळी करावी लागते, हे घर आवरणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या नव्या पद्धतीच्या फाइल सिस्टिममध्ये तर ते शब्दशः खरं आहे. त्या जुन्या नोंदीवर नवी लिहीत नाहीत. बदल नेहमी नव्या जागी लिहितात. म्हणून फाइल काढून टाकायची झाली तरी 'काढली' हे लिहायला आधी थोडी मोकळी जागा लागते. पूर्ण भरलेल्या अशा डिस्कवर काढून टाकण्याची आज्ञाही जागेअभावी अडू शकते. म्हणूनच झेडएफएस साधारण बत्तिसावा भाग आपल्यापाशी राखून ठेवते. नवी पद्धत आली, पण राखीव वाटा काही गेला नाही.

हे फक्त लहानसहान कचेऱ्यांत घडतं असं समजू नका. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटा कंपनीचे जपानमधले चौदाही कारखाने थांबले. सायबर हल्ला झाला असावा अशी शंका लोकांनी घेतली. ६ सप्टेंबरला कंपनीने स्वतःच खुलासा केला. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या काही सर्व्हरवर २७ ऑगस्टला देखभालीचं काम होतं. डेटाबेसमध्ये साठलेली माहिती काढून तिची नीट मांडणी करताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण ते त्याच यंत्रणेवर चालत असल्याने तेही तसेच अडले. जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर माहिती हलवल्यावर काम पुन्हा सुरू झालं. सुट्या भागांच्या काटेकोर नियोजनासाठी जगभर नावाजलेली ही कंपनी, आणि ती अडकली कुठे, तर साफसफाई करताना पुरेशी मोकळी जागा नसल्यामुळे! यात हसण्यासारखं काही नाही. त्यांनी कारण जाहीर सांगितलं, हे मात्र आपण शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांवर सगळं भागतं.

मार्चच्या मनोवृत्तीने मी सुरुवात केली, पण सरकारी हिशेबशास्त्राला राखीव वाटा माहीत नाही असं नाही. आपल्या राज्यघटनेच्या २६७ व्या अनुच्छेदात आकस्मिकता निधीची तरतूद आहे, केंद्रासाठी आणि राज्यांसाठीही. अनपेक्षित खर्च आला आणि विधिमंडळाची मंजुरी मिळेपर्यंत थांबता येत नसेल, तर त्यातून आगाऊ रक्कम देता येते. केंद्रात ती राष्ट्रपतींच्या हाती, राज्यात राज्यपालांच्या. केंद्राचा हा निधी २०२१ साली ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपयांवर नेण्यात आला. हा पैसा पडून आहे, तो वाया जातोय, वाटून टाका, असं कोणी म्हणत नाही. आणि त्यातून घेतलेलं पुढे मंजुरी घेऊन परत भरावं लागतं. माझ्या मते डिस्कच्या राखीव वाट्याला हाच नियम हवा. संकटात जरूर वापरा, पण लेखी नोंद करून, आणि तो परत कधी भरणार ही तारीख त्याच कागदावर लिहून. पाचाचे चार केलेत तर नवी डिस्क आल्यावर चाराचे पाच करा. ती आज्ञाही तेवढीच छोटी आहे.

गोव्यात आज लहान लहान वाचनालयं, देवस्थानं, नाट्यसंस्था, पंचायती आपलं जुनं दप्तर संगणकावर आणत आहेत. पोर्तुगीज काळातली कागदपत्रं, मोडीतले हिशेब, जुन्या नाटकांच्या हस्तलिखित प्रती. हे काम निवृत्त शिक्षक आणि हौशी पोरं करत आहेत. त्यांना मोठे तंत्रज्ञ परवडत नाहीत आणि त्यांची गरजही नाही. चार गोष्टी पुरतात. प्रणाली एका विभागावर आणि दप्तर दुसऱ्यावर ठेवावं, म्हणजे दप्तर भरलं तरी यंत्र चालू राहील. डिस्क ८० टक्के भरली की कोणाला कळवायचं त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहावं. दर सोमवारी डीएफचा तक्ता पाहून एका साध्या वहीत आकडा टिपावा. आठवड्याला किती वाढतंय हे कळलं की डिस्क कधी भरेल ती तारीख त्रैराशिकानेच निघते. आणि स्कॅन केलेल्या फायलींत शून्य आकाराची एखादी आहे का, हे मूळ कागद कपाटात परत जाण्याआधी तपासावं. कपाटातला कागद पुन्हा काढता येतो, पण वाळवीने खाल्लेला कागद पुन्हा स्कॅन करता येत नाही.

पाच टक्के ठेवायचे की दोन, यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. माझं म्हणणं त्या आकड्याबद्दल नाहीच. 'उपलब्ध' या रकान्यात जे दिसत नाही ते कोणाचंच नाही, असं आपण धरून चालतो. ते कोणाचं आहे आणि कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, इतकंच. तुमच्या कचेरीत किंवा संस्थेत लिनक्सचं यंत्र असेल तर उद्या जाऊन एकदा तो तक्ता पाहा. एकूणमधून वापरलेली आणि उपलब्ध जागा वजा करा. काही उरलं तर राखणदार आपल्या जागी आहे असं समजा. उत्तर शून्याच्या आसपास आलं, तर त्याचा वाटा कोणी आणि कधी काढून नेला, हे कचेरीतल्या जुन्या माणसाला विचारा.